कोपऱ्यातला भुंगेरा

४ मार्च

भावोजी, नमस्कार.

ताईची पेटी आज सकाळी पार्सलने रवाना केली. पोचली की दोन ओळी टाका. फोन मात्र करू नका. मागच्या वेळी माझं बोलणं तुम्हाला ऐकू येईना आणि तुमचं ओरडणं मला सोसवेना. शेजारचा शिंपी धावत आला, भांडण झालं की काय बघायला.

पेटी दुकानाच्या माळ्यावर होती. तुम्ही दोनदा मागितलीत, मी दोनदा "आज काढते" म्हटलं आणि काढली नाही. आळस नव्हता हो. ताईची वस्तू खाली आणायची म्हणजे ती आता येणार नाही हे पुन्हा एकदा मान्य करायचं, आणि ते माझ्याच्याने होत नव्हतं. पण तुम्ही दोघांचा सगळा संग्रह संग्रहालयाला द्यायचं ठरवलंत, तर तिची ही एक पेटी माहेरी अडकवून मी काय करू? त्यातले सगळे भुंगेरे तिने इथे आल्यावर गोळा केलेले. मी गिऱ्हाइकांची घड्याळं उघडून बसायची आणि ती समोरच्या स्टुलावर भुंगेऱ्यांना टाचण्या टोचत बसायची. म्हणायची, "तुझी मेलेली परत चालायला लागतात, माझी नाही लागत. माझ्यामागे कटकट कमी."

पेटीची काच पुसली, धूळ झटकली. एक-दोघांचे पाय निखळले होते ते चिकटवून दिले. मधला तो सगळ्यात देखणा, करड्या अंगाचा, पाठीवर दोन पिवळट ठिपके असलेला, तो अगदी छान आहे. मिशाबिशा सगळं जागच्या जागी आहे.

तुम्ही वेळेवर जेवता का? "भूक लागली की खातो" असं लिहिलंत मागच्या पत्रात. ताई असती तर या वाक्यावर तुम्हाला ताटावरून उठू दिलं नसतं.

तुमची,
किटकिट

(पन्नाशी उलटली तरी सही अशीच. घड्याळवाल्याच्या धाकट्या मुलीला तुम्ही लग्नाच्या दिवशी दिलेलं नाव एवढं टिकेल असं वाटलं नव्हतं.)


१६ मार्च

प्रिय किटकिट,

पेटी पोचली. काच शाबूत, भुंगेरे शाबूत, मी मात्र ठिकाणावर नाही.

तो मधला कोण आहे?

तू म्हणशील, एवढी वर्षं संग्रहालयात बसून भुंगेरे ओळखायचा पगार घेतला आणि आता मेहुणीला विचारतोय. तर ऐक. अंग अंजिराच्या झाडातल्या मोठ्या भुंगेऱ्याचं. त्यात नवल काही नाही. त्याची अळी खोड पोखरते, बागवाले शिव्या देतात. डोक्यामागे जी ढालीसारखी पाटी असते तिच्यावर त्याला दोन नारिंगी ठिपके असतात, मेल्यावर ते पिवळट पडतात. हे सगळं याला आहे. इथपर्यंत मी त्याला अंधारातही ओळखला असता.

पण मिशा! अंजिरातल्याच्या मिशा नुसत्या काटेरी, केसबीस काही नाही. याच्या मिशांना पाचव्या, सातव्या आणि नवव्या पेरावर काळ्या केसांचे झुपके आहेत, बाटली धुवायच्या ब्रशासारखे. झुपकेवाले भुंगेरे मला माहीत आहेत, पण त्यांचे झुपके तिसऱ्या पेरावर, किंवा तिसऱ्या आणि चौथ्या. एक सोडून एक, असे कुणाचेच नाहीत. घरात होती नव्हती तेवढी पुस्तकं काढली. जेवायच्या टेबलावर आता जेवायला जागा नाही, पण काळजी करू नकोस, मी उभ्याने जेवलो. दोनदा जेवलो. आज दाढीही केली. खिडक्या उघडल्या तर समोरची बाई विचारते, "पाहुणे आलेत वाटतं?" म्हटलं, हो, सहा पायांचे आहेत.

किटकिट, हा जर नवा असेल, आणि मला वाटतं आहेच, तर त्याला तुझ्या ताईचं नाव द्यायचं. शास्त्राच्या यादीत एकदा नाव लागलं की पुसत नाही. मी तिला आयुष्यात दागिना म्हणावा असं काही दिलं नाही. तुमच्याकडून परत आली की म्हणायची, "माझी पेटी बघायला एकदा चला ना." मी म्हणायचो, तुमच्या गावातले भुंगेरे सगळे ओळखीचे, त्यात काय बघायचं. आता बघतोय.

टाचणीखालच्या चिठ्ठीवर तिच्या अक्षरात "मागचं अंगण, अंजीर" एवढंच आहे. झाड अजून आहे का?

तुझा,
भावोजी


२१ मार्च
(हे पत्र टाकलं नाही.)

भावोजी,

झाड आहे. पण तुम्ही झाडाचा विचार सोडा.

मिशा मी लावल्या आहेत.

पेटी माळ्यावरून उतरवताना शिडीवर माझा पाय सरकला. पेटी पडली नाही, मी ती छातीशी धरली, पण आत गदागदा हलली. काच उघडून बघते तर मधल्याच्या दोन्ही मिशांचा चुरा झालेला. पायांचं काही नाही, ते खरंच आधीच निखळले होते. लहानपणापासून घरात माझी ख्याती तुम्हाला माहीत आहे, हिच्या हातात दिलं की मोडलं. बाबा सगळ्यांना सांगायचे, म्हणून तर हिला दुरुस्ती शिकवली. ताईच्या एवढ्या वर्षांच्या वस्तूंपैकी सगळ्यात सुंदर तीच माझ्या हातून मोडावी? मला तुम्हाला सांगायची लाज वाटली. बाकी काही कारण नाही.

पेटीच्या खालच्या कोपऱ्यात, बाकीच्यांपासून लांब, एक एकटाच होता. मातकट, एक पाय नसलेला, पंख सैल झालेला. आमच्याकडे असंच असतं. ज्या घड्याळात आता जीव राहिला नाही ते वेगळं कोपऱ्यात ठेवायचं आणि त्याचे भाग चांगल्यांना लावायचे. मला वाटलं, ताईनेही तो त्यासाठीच ठेवला असणार. मिशा अलगद सोडवल्या, सुईच्या टोकावर लाखेचा कण घेऊन मधल्याला बसवल्या. बाबा म्हणायचे, जोड दिसली तर कारागीर कच्चा. तुमच्या भिंगालाही दिसली नाही. आयुष्यात इतकं चांगलं काम झालं नव्हतं, आणि ते नेमकं इथे झालं.

मी लगेच सांगायला हवं होतं. आता तुम्ही दाढी केलीत, दोनदा जेवलात, खिडक्या उघडल्यात. ताई गेल्यापासून तुमच्या पत्रात असं एकही वाक्य आलं नव्हतं. हे पत्र तुमच्या हातात पडलं की तुम्ही त्या खिडक्या पुन्हा


२३ मार्च

भावोजी, नमस्कार.

पत्र वाचून आनंद झाला. अंजिराचं झाड आहे, अगदी ठणठणीत.

माझी एक अडाणी शंका. एकाच जातीत कुणाच्या मिशा अशा, कुणाच्या तशा, असं होत नाही का? आमच्या घराण्यात नाही का, बाबांना टक्कल आणि काकांना डोईभर केस? की भुंगेऱ्यांचं तसं नसतं? शिवाय पेटी जुनी, माळ्यावर पडून होती, उंदीर असतात, ओल असते. काहीतरी इकडचं तिकडे झालं नसेल कशावरून? नाव वगैरे देण्याआधी आणखी कुणाला दाखवावं असं वाटतं. एकाला दोन डोळे बरे. घाई काय आहे? ताईलाही घाई आवडायची नाही.

शिंप्याने त्याचं भिंतीवरचं घड्याळ आणून दिलं आहे. म्हणतो, "बाई, पुढे पळतं. गिऱ्हाइकं वेळेच्या आधी येऊन बसतात, कपडे तयार नसतात." मी म्हटलं, घड्याळाला बोल लावू नका. बोलून गेले आणि मग दिवसभर ते वाक्य मलाच टोचत राहिलं. असो.

उत्तर सावकाश पाठवा.

किटकिट


३ एप्रिल

प्रिय किटकिट,

तू ताईचीच बहीण. तिलाही असं मधूनच एखादा प्रश्न टाकून मला कामाला लावायची खोड होती. तुझ्या शंका अडाणी नाहीत. मी त्या स्वतःला विचारल्या, आणि उत्तरं अशी आहेत.

टकलाचं म्हणशील तर तसं नसतं. मिशांची लांबी नर-मादीत बदलते, पण झुपक्यांची जागा बदलत नाही. उंदराने मिशा खाल्ल्या असत्या, बसवून दिल्या नसत्या. राहिली शेवटची शक्यता, कुणी मुद्दाम जोडल्या. आमच्या धंद्यात असे लबाड झाले आहेत. याचं डोकं त्याला, त्याचे पंख याला, आणि मग "नवी जात" म्हणून विकायची. पण तेही इथे बसत नाही, आणि का ते सांगतो. जोडलेल्या असत्या तर त्या कुठल्यातरी ओळखीच्या भुंगेऱ्याच्या असत्या. या मिशा कुणाच्याच नाहीत. मी सगळं धुंडाळलं. ज्या मिशा जगात दुसऱ्या कुणाला नाहीत त्या चोरणार कुणाच्या?

आणि आणखी कुणाला दाखवायचं म्हणतेस, ते मात्र मला लागलं. मोतीबिंदू काढल्यापासून माझे डोळे विशीतल्यासारखे आहेत. ज्यांना दाखवायचं त्यांतल्या निम्म्यांना मीच ओळखायला शिकवलं. एकाला तर एक पाय चुकीचा चिकटवलेला नमुना ओळखता आला नाही म्हणून मी परीक्षेत वर्षभर मागे ठेवलं होतं. आज तोच आमच्या नियतकालिकाचा संपादक आहे. टिपण त्याच्याकडेच पाठवलं आहे. चित्रं मी काढली, हात जरा थरथरतो, पण झुपके छान उतरले. उन्हाळी अंकात येईल. भुंगेरा स्वतः नंतर संग्रहालयात जाईल, कपाटात, चिठ्ठीवर तिचं नाव.

तू छापील प्रत दुकानात लाव. शिंप्यालाही दाखव.

तुझा,
भावोजी


११ एप्रिल

भावोजी,

टिपण परत मागवा. आजच.

मिशा मी लावल्या आहेत. पेटी उतरवताना माझ्या हातून मूळच्या मोडल्या, म्हणून पेटीतल्याच एका टाकाऊ भुंगेऱ्याच्या काढून लाखेने बसवल्या. स्पिरिटचा थेंब लावून पाहा, सुटून येतील. मग हवा तेवढा राग करा.

हे मी तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हाच लिहिलं होतं आणि टाकलं नाही. मग ते उंदराचं आणि टकलाचं लिहिलं. ताकाला जाऊन भांडं लपवलं. मनात आलं, तुम्हाला आपोआप कळलं तर बरं, म्हणजे माझ्या तोंडून निघायला नको. तुम्ही लबाडांबद्दल लिहिलंत ते वाचताना माझे कान तापले. मी विकायला नाही केलं हो. पण फसवलं तर तुम्हालाच ना? गिऱ्हाइकाला दुसऱ्याचा भाग लावून दिला तर मी तसं सांगते. तुम्हाला सांगितलं नाही, म्हणजे दुरुस्ती आणि लबाडी यात जे काय अंतर असतं ते मी ओलांडलंच.

सगळ्यात वाईट याचं वाटतं की तुम्हाला ताईचं नाव द्यायला मिळालं, आणि मी ते काढून घेतेय. तिच्या शेवटच्या आजारपणात मी दुकान सोडून यायला उशीर केला, तेव्हाही तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. आता बोला. फोनवर ओरडून बोला, मी ऐकेन. शिंपी आला तर येऊ दे.

ज्याच्या मिशा काढल्या तो अगदीच गेलेला होता, त्याचं वाईट वाटायला नको.

किटकिट


२ जून

किटकिट,

इतके दिवस लिहिलं नाही. राग नव्हता असं म्हणणार नाही. होता, आणि सगळा तुझ्यावर नव्हता. म्हणूनच लिहायला जमेना.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी स्पिरिट लावलं. मिशा सुटल्या. खाली अंजिरातल्या भुंगेऱ्याचं साधं, ओळखीचं डोकं. संपादकाला कळवलं, नमुना जोडलेला आहे, टिपण मागे घेतो. जोडला कुणी ते लिहिलं नाही. मी नीट तपासला नाही, एवढं लिहिलं. त्याचं उत्तर सभ्य आलं. "सर, असं कुणाचंही होऊ शकतं." मी त्याला वर्षभर मागे ठेवलं तेव्हा असं म्हटलं नव्हतं.

आता माझं ऐक. पेटी आली त्या पहिल्याच दिवशी, डावी मिशी जिथे डोक्याला मिळते तिथे, मोठ्या भिंगाखाली मला एक तांबूस कण चमकलेला दिसला होता. तुझं काम कच्चं नव्हतं. विशीतल्या डोळ्यांनाच दिसेल एवढाच होता तो, आणि तसे डोळे मी पैसे देऊन बसवून घेतले होते. मी म्हटलं, डिंक असेल, झाडाचा. भिंग खाली ठेवलं आणि परत तिथे नेलं नाही. पुढे इतकी पुस्तकं चाळली, मिशांचं पेर न् पेर मोजलं, पण त्या जागेकडे गेलो नाही. तू आणखी कुणाला दाखवा म्हणालीस तेव्हा मला राग आला तो त्या कणाचा. मला ते खरं हवं होतं. तिला द्यायला काहीतरी हवं होतं, आणि त्यापायी मी विद्यार्थ्याला ज्यासाठी नापास केलं तेच स्वतः केलं. तू घाबरून खोटं बोललीस. मी न बोलता बोललो, आणि मला कुणाची भीती नव्हती. तेव्हा माफी कुणी कुणाची मागायची ते तूच ठरव. आजारपणात उशिरा आलीस हे तू आजवर मनात धरून ठेवलंस, हे मात्र मला माहीत नव्हतं. ते सोडून दे. ती तुला येऊ नको म्हणाली होती. दुकान बंद राहील म्हणून.

आता मुद्द्याचं. स्पिरिटमधून काढलेल्या मिशा माझ्यासमोर कागदावर आहेत. भुंगेरा खोटा होता, पण मिशा खऱ्या आहेत. मी मागे लिहिलं होतं, या मिशा कुणाच्याच नाहीत. ते अजूनही तसंच आहे. संपादकालाही पाठवून पाहिल्या, त्याने तिथल्या सगळ्या कपाटांतल्या भुंगेऱ्यांशी ताडून परत केल्या. म्हणतो, "सर, हा कोण आहे?" म्हणजे ज्याच्या त्या होत्या तो कुणी पाहिलेला नाही. तू सोडून.

तू दोनच शब्द लिहिलेस, "टाकाऊ" आणि "गेलेला". पेटीत तो कुठे होता? तू लिहिलं नाहीस, पण मी सांगतो. उजवीकडे, खालच्या कोपऱ्यात, बाकीच्यांपासून लांब. हो ना? आमच्या घरच्या सगळ्या पेट्यांत तो कोपरा एकाच कामाचा. ज्याची ओळख पटत नाही तो तिथे लावायचा. तो नियम तिचा. सगळ्या पेट्यांतले कोपरे मी बघायचो आणि ओळख पटवून त्यांना त्यांच्या जागी बसवायचो. फक्त तुमच्या माळ्यावरच्या पेटीचा कोपरा मी कधी पाहिला नाही. "माझी पेटी बघायला चला ना" याचा अर्थ तेवढाच होता.

नुसत्या मिशांना नाव देता येत नाही. अंग लागतं, आणि कुठे सापडला ते लागतं. तू त्याचं काय केलंस?

भावोजी


८ जून

भावोजी,

हो. उजवीकडे, खालच्या कोपऱ्यात.

तुमचं पत्र दुकानात उघडलं. वाचून होईपर्यंत एक गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याला म्हटलं उद्या या. तो म्हणाला, "बाई, नुसता पट्टा बदलायचा आहे." म्हटलं, उद्या. शटर ओढून घेतलं आणि जमिनीवर बसले.

आमच्याकडे काही फेकत नाहीत, एवढं एक माझ्या बाजूने सांगते. टाकला असं तुम्हाला वाटलं असेल, पण केरात नाही टाकला, हात झाला नाही. बाबांच्या वेळचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे, त्यात मोडकी चाकं, तुटलेल्या स्प्रिंगा, काटे, स्क्रू असं सगळं जातं. वेळ येईल तेव्हा त्यातून काहीतरी उपयोगी पडतं. तो त्यात टाकला होता, आणि मार्चपासून रोज त्याच्यावर काही ना काही पडत होतं. वरून मीच टाकत होते.

पांढरी चादर अंथरली, डबा हळूहळू रिकामा केला, चिमट्याने एकेक बाजूला केलं. शिंप्याने दार वाजवून विचारलं, "काय हरवलं?" मी म्हटलं, ताईचं आहे. तो आत आला, चष्मा लावला आणि समोर बसून सुया शोधाव्यात तसा शोधू लागला. डोक्यामागची ती पाटी त्यालाच सापडली. टाचणी अजून तिच्यातच होती.

मिळालं ते असं. पाटी, टाचणीसकट, कडेला दोन्ही बाजूंना बोथट काटे. एक पंख पूर्ण, दुसऱ्याचा अर्धा. धूळ फुंकरीने घालवली तर तो मातकट नाहीच, भावोजी. पूर्ण अंगभर बारीक सोनेरी लव आहे, घड्याळाच्या आतल्या पितळेचा रंग असतो ना, तसा. मी तो रंग रोज बघते आणि मला दिसला नाही. तीन पाय. पोटाचे दोन तुकडे. डोकं एका केसासारख्या स्प्रिंगेत अडकलेलं होतं, ती कापून सोडवलं. मिशांच्या जागी दोन खळगे आहेत, ते माझे.

टाचणीखाली चिठ्ठी आहे. "कोपऱ्यावरची वखार, जुन्या ओंडक्यांत." वखार बंद पडून किती तरी वर्षं झाली, पण ओंडके तसेच पडून आहेत, मालकाने ते उचललेच नाहीत. काल जाऊन पाहिलं. दोन ओंडक्यांना बोटभर रुंदीची गोल भोकं आहेत आणि एका भोकाखाली ताजा भुसा पडलेला आहे. आत कोण आहे मला माहीत नाही. मी एकही ओंडका हलवला नाही, भोकात काडीसुद्धा घातली नाही. ते बघायला तुम्ही या. यायलाच हवं. जेवण मी करीन, बसून जेवायचं.

तुकडे वेगवेगळ्या पुड्यांत बांधून सोबत पाठवते आहे. पंखाचा मोडलेला भाग अगदी काठाला काठ जुळतो, लाखेचा एक कण लागला असता आणि तुम्हाला जोड दिसलीही नसती. हात शिवशिवला. पण जसं मिळालं तसंच ठेवलं आहे, भावोजी. काहीही जोडलेलं नाही.

किटकिट